गच्चीवरची कोडी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांच्या छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला बजावलंय, "काका, वीस मिनिटं बोला, पण नुसतं बोलू नका, कोडी घाला." तेव्हा सुरुवातच कोड्यानं करतो.

संध्याकाळी आठला वीज गेली, ती दहाला आली. इमारतीला जनरेटर नाही. साडेआठ ते नऊच्या दरम्यान दुसऱ्या मजल्यावरच्या एका बंद घरातून टेबलावरचं चांदीचं घड्याळ गेलं. संशय तिघांवर. पहिला म्हणतो, "मी गच्चीवर पडून चांदणं बघत होतो." दुसरा म्हणतो, "मी मेणबत्ती लावून जेवत होतो." तिसरा म्हणतो, "मी टेबलफॅन फुल्ल करून झोपलो होतो, मला काही ऐकूच आलं नाही." खोटं कोण बोलतंय?

बघा, मी प्रश्न संपवायच्या आत पुढून उत्तर आलं. टेबलफॅन! वीजच नाही तर पंखा कुठला? शाब्बास.

हे आपल्या गच्चीवरचं पहिलं कोडं. जे पहिल्यापासून इथे राहतात त्यांना २००५-०६ च्या सुमाराचं भारनियमन आठवत असेल. डोंबिवलीचा उन्हाळा, घरात डास, घामाच्या धारा. मग सगळी सोसायटी चटया, उशा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गच्चीवर. मोठ्यांच्या गप्पा चालायच्या, मुलांना काही उद्योग नसायचा. त्यांची टाकीवर चढाचढी सुरू झाली तसं मला कुणीतरी म्हणालं, "तुम्ही रिटायर आहात, यांना गोष्ट सांगा." गोष्ट संपली की मुलं पुन्हा टाकीवर. कोडं घातलं की मात्र कुणी हलायचं नाही. तेव्हा मला कळलं की मुलाला जागेवर बसवायचं असेल तर त्याला अर्धीच गोष्ट सांगावी.

वरचं कोडं मी त्या अंधारातच जुळवलं होतं. माझ्या मते ते पक्कं होतं. पण आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "काका, त्याच्याकडे इन्व्हर्टर असेल तर?" दुसरी म्हणाली, "आणि त्या दिवशी अमावस्या असेल तर? मग चांदणंवाला खोटा!" मग मी तिला सांगितलं, की चांदण्या अमावस्येलाच जास्त दिसतात, मान वर करून बघ. तिनं बघितलं. इन्व्हर्टरवाल्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी "जनरेटर नाही, इन्व्हर्टर नाही" असं आधीच सांगायला लागलो. त्या पोराचा प्रश्न किती मोलाचा होता ते मला पुढे फार महागात कळलं. त्यावर येतोच.

आता हा नाद मला कुठून लागला? मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढली. तिथे रोज एक रहस्यकथा असायची. पाठवलेले डाग बारा, उतरलेले अकरा. बारावा गेला कुठे? पण त्याच्याही आधी, शाळेत असताना, वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणून चादरीत वाचायचो. झुंजार, धनंजय, काळापहाड ही आमची दैवतं. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे रोज एक वाचली तरी तीन वर्षं पुरतील! पुढे भालबा केळकरांमुळे शेरलॉक होम्स मराठीत भेटला. मग सुहास शिरवळकर आले. १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी लागला तेव्हा आमच्या घरी त्या वेळात पाहुण्यांना चहा मिळत नसे.

पण मोठी कादंबरी वेगळी आणि दोन मिनिटांचं कोडं वेगळं. छोट्या कोड्यात पानभर मजकूर, आणि शेवटी एकच प्रश्न: याला कसं कळलं? अमेरिकेत १९३२ साली रिप्ले नावाच्या लेखकानं अशा मिनिटभराच्या रहस्यांचं पुस्तक काढलं. पुढे डोनाल्ड सोबोल यांनी तर या प्रकाराचं दुकानच थाटलं. १९६३ पासून त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्राऊन या शाळकरी डिटेक्टिव्हच्या गोष्टी लिहिल्या. हा पोरगा आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बसून केसेस घ्यायचा आणि फी किती, तर दिवसाला २५ सेंट, वर झालेला खर्च. त्याची गोष्ट संपते, पण उत्तर मात्र पुस्तकाच्या मागे असतं. म्हणजे मुलाला थांबून विचार करावाच लागतो.

आपल्याकडे काही हे नवीन नाही बरं का. उगाच सगळं विलायतेहून आलं असं समजू नका. बिरबलाची काठीची गोष्ट घ्या. चोरी झाली, नोकर सगळे नाही म्हणतायत. बिरबलानं प्रत्येकाला सारख्या लांबीची काठी दिली आणि सांगितलं, चोराची काठी रात्रीत दोन बोटं वाढेल. सकाळी एकाची काठी दोन बोटं कमी भरली, कारण त्यानं भीतीनं ती कापली होती. "चोराच्या मनात चांदणं" म्हणतात ते हेच.

आणि आज आपल्याला पंचवीस वर्षं झाली आहेत, तेव्हा वेताळपंचविशीला विसरून कसं चालेल? विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय आणि त्यातला वेताळ त्याला गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारतो. अट काय? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात या गोष्टी आहेत. म्हणजे गोष्टीच्या शेवटी कोडं घालायची आपली सवय हजार वर्षांची तरी आहे.

आता थोडं कामाचं सांगतो. कोडं घरी कसं बनवायचं? फार सोपं आहे. एक बंदिस्त जागा घ्या: जिना, लिफ्ट, लोकलचा डबा. तीन माणसं घ्या. तिघांना एकेक वाक्य द्या. आणि त्यातल्या एकाच वाक्यात अशी गोष्ट लपवा जी सगळ्यांना माहीत असते पण पटकन आठवत नाही. कुणी म्हणतो, "३१ जूनला मी नाशिकला होतो." मुठीच्या हाडांवर महिने मोजा, जून तिसाचाच निघतो. कुणी म्हणतो, "रविवारी दुपारी मी पोस्टाच्या खिडकीवर मनीऑर्डर करत होतो." झालं, सापडला.

यात एक नियम पाळायचा. ऐकणाऱ्याला फसवायचं नाही. उत्तराला लागणारं सगळं कोड्यातच दिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू होते, ते रहस्यकथाही लिहायचे. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम केले. वाचकापासून धागेदोरे लपवायचे नाहीत, हा त्यातला एक. आणखी एक असा, की गुन्हा खुद्द डिटेक्टिव्हनंच केलेला नसावा. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. मी तो मोडलाय.

आता जे सांगणार आहे ते इथल्या काही जणांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना आज माझ्या तोंडून कळावं म्हणून सांगतो.

चौदा वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. विसर्जनानंतर दोन दिवसांनी खजिनदारांच्या लक्षात आलं की शेवटच्या दिवसाच्या वर्गणीचं पाकीट नाही. त्यात साडेआठ हजार रुपये होते. ते म्हणाले, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. ऑफिसच्या चाव्या दोघांकडे: सचिवांकडे आणि तेव्हाच्या आपल्या वॉचमनकडे. मुलं त्यांना मामा म्हणायची. कमिटीची मीटिंग बसली आणि कुणीतरी हसत म्हणालं, "अहो, आपल्याकडे शेरलॉक होम्स असताना पोलिसांत कशाला जायचं?" आणि मी, सत्तरीला टेकलेला माणूस, फुशारलो.

दहा मिनिटांत सोडवलं हो मी. चावी कुणाकडे? मामांकडे. आठवड्यापूर्वी उचल कुणी मागितली होती? मामांनी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता गावाला कोण गेलं? मामा. आणि परत आल्यावर चावीबद्दल विचारलं तेव्हा खाली मान कुणी घातली? मामांनी. चार धागे, चारही एकाच माणसाकडे. मी तर मीटिंगमध्ये "चोराच्या मनात चांदणं" असंसुद्धा म्हणालो. काही लोक हसले.

पोलिसांत कुणी गेलं नाही, आरडाओरडा झाला नाही. "उद्यापासून येऊ नका" एवढंच सांगितलं. आपल्याला वाटलं, आपण किती सभ्यपणे वागलो!

त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर मुलांत तोच विषय. मी त्यांना सगळे धागे समजावून सांगितले, कोडं सांगावं तसे. अकरा वर्षांची एक मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "पण काका, पाकीट चोरीला गेलं हे कशावरून?" मी म्हटलं, "अगं, सापडत नाही ना!" ती म्हणाली, "माझं कंपासपेटीतलं रबरपण सापडत नाही." सगळी हसली. मीही हसलो आणि पुढचं कोडं घातलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी माळ्यावरून मखराची पेटी खाली काढली. त्यात आरतीच्या पुस्तकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. सोडला तर आतल्या दोन पुस्तकांच्या मध्ये पाकीट. साडेआठ हजार, वरती खजिनदारांची सही. तो गठ्ठा बांधला कुणी होता? मी. विसर्जनाच्या संध्याकाळी ऑफिसच्या टेबलावर पसारा पडला होता: पावतीपुस्तकं, प्रसादाचे पुडे, आरतीची पुस्तकं. मी मोठ्या टापटिपीनं पुस्तकं गोळा केली, बांधली आणि पेटीत टाकली. पाकीट ड्रॉवरमध्ये नव्हतंच, ते टेबलावर होतं. खजिनदारांना तसं आठवत होतं इतकंच. ते वर्षभर वेदना होऊन म्हणत होते, "मी ड्रॉवरमध्येच ठेवलं होतं." ते खोटं बोलत नव्हते. माणसाची आठवण अशीच असते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आम्ही तिघे मामांना शोधायला निघालो. ते स्टेशनपलीकडच्या एका इमारतीत कामाला लागले होते. आम्हाला बघून उठले, आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले. मी उठलो, त्यांना बसवलं, जे झालं ते सांगितलं आणि हात जोडले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, चावी कुठं होती विचारलंत, गावाला का गेलो विचारलंत. पाकीट बघितलंत का, असं मला कुणी विचारलंच नाही. मी सांगितलं असतं. टेबलावर होतं, पुस्तकांच्या खाली. रात्री लाइट बंद करताना बघितलं होतं मी."

म्हणजे कोड्याचं उत्तर ज्याच्याजवळ होतं, त्यालाच आम्ही चोर ठरवलं होतं. गावाला गेले कारण आई आजारी होती. उचल मागितली तीही त्याचसाठी. आणि मान खाली का घातली? तुमच्यासमोर आठ शिकलेली माणसं टेबलामागे बसून संशयानं बघत असती, तर तुम्ही काय केलं असतं? बिरबलाच्या गोष्टीत काठी फक्त चोर कापतो. खऱ्या आयुष्यात भ्यालेला सज्जन माणूससुद्धा कापेल.

कमिटीनं त्यांचा राहिलेला पगार आणि बोनस दिला. तो त्यांनी घेतला. परत कामाला मात्र आले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

त्यानंतर मी वर्षभर कोडी बंद ठेवली. मुलंच दार वाजवत आली. विचार केला तेव्हा कळलं की दोष कोड्यांचा नव्हता. कोड्यात पहिल्याच ओळीत सांगितलेलं असतं की चोरी झाली, संशयित तीनच, आणि इन्व्हर्टर नाही. ते आपण मान्य करायचं असतं, तो खेळाचा करार आहे. आयुष्याशी आपला असा करार झालेला नाही. तिथे इन्व्हर्टर असू शकतो. तिथे चौथा माणूस असू शकतो. तिथे चोरी झालेलीच नसू शकते. आणि मागच्या पानावर उत्तर छापलेलं नसतं, ते कधी वर्षभरानं माळ्यावर सापडतं, कधी सापडतच नाही.

म्हणून आता आमच्या कट्ट्यावर प्रत्येक कोडं सुटल्यावर तीन प्रश्न विचारायचे असा दंडक आहे. एक, यात आपण काय नुसतंच धरून चाललो? दोन, प्रत्यक्ष कुणी काय पाहिलं? तीन, हेच सगळं दुसऱ्या कुठल्या कारणानं घडलं असतं का? मुलांना या तिसऱ्या प्रश्नात मूळ कोड्यापेक्षा जास्त मजा येते. टेबलफॅनवाल्याला निर्दोष सोडवायच्या सतरा युक्त्या त्यांनी मला सांगितल्यात. एकीनं तर बॅटरीवरचा पंखा काढला!

याचा उपयोग होतो का? गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सायकल चोरीला गेल्याचा मेसेज आला. पाच मिनिटांत सीसीटीव्हीमधला एका डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोटो पडला. त्याखाली अंगठे आणि रागाचे चेहरे. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलानं आईच्या फोनवरून लिहिलं, "फोटोत त्याच्याकडे सायकल दिसतेय का?" दिसत नव्हती. रात्री कळलं की सायकल मामेभाऊ घेऊन गेला होता. फोटो काढून टाकला गेला. त्या डिलिव्हरीवाल्या मुलाला हे कधीच कळणार नाही, आणि ते बरंच आहे.

होम्सची १८९२ सालची एक गोष्ट आहे, सिल्व्हर ब्लेझ नावाच्या घोड्याची. तिथे तबेल्यातला कुत्रा रात्री भुंकला नाही, यावरून होम्स ओळखतो की येणारा माणूस ओळखीचा होता. जे दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही ते बघणं अवघड. सातवीतल्या मुलानं तेच केलं.

आणि वेताळाचं एक सांगायचं राहिलं. राजा प्रत्येक कोडं सोडवतो आणि प्रत्येक वेळी वेताळ उडून जातो. शेवटी एक कोडं असं येतं की त्याचं उत्तर राजाला सापडत नाही, म्हणून तो गप्प राहतो. आणि त्या गप्प राहण्यावर वेताळ प्रसन्न होतो. लहानपणी मला वाटायचं, राजा तिथे हरला. आता तसं वाटत नाही.

बराच वेळ घेतला. सचिव घड्याळ बघतायत. जाता जाता तीन कोडी, घरी नेण्यासाठी.

एक. एकजण म्हणतो, "मी शंभराची नोट पुस्तकात पृष्ठ २५ आणि पृष्ठ २६ यांच्या मध्ये ठेवली होती, ती कुणीतरी काढली." तो खोटं बोलतोय हे कशावरून?

दोन. दुपारी चारला पाऊस सुरू झाला तो सहाला थांबला. उघड्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी दाखवून पाहुणा म्हणतो, "मी पाच वाजता आलो, तेव्हा गाडी लावली ती लावली." वॉचमननं वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही चारच्या आधी आलात." कसं कळलं?

तीन. हे हो-नाहीचं कोडं, घरच्यांनी प्रश्न विचारायचे आणि तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पहिलीतली एक मुलगी सातव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये कुणी सोबत असेल तर ती थेट सातव्यावर जाते. एकटी असेल तर चौथ्यावर उतरून जिना चढते. पण पावसाळ्यात एकटी असली तरी बऱ्याचदा थेट सातव्यावर जाते. का?

शेवटचं एक. या स्मरणिकेत पंचवीस वर्षांत सोसायटीसाठी काम केलेल्या सगळ्यांची यादी येणार आहे. त्यात मामांचं नाव असावं अशी मी समितीला विनंती केली होती. समितीनं ती एकमतानं मान्य केली, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. अंक छापून आला की त्यांची प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

 

कोड्यांची उत्तरं: (१) पृष्ठ २५ आणि २६ एकाच कागदाच्या दोन बाजू असतात, त्यांच्या मध्ये काही ठेवताच येत नाही. विश्वास नसेल तर हातातली स्मरणिका उघडून बघा. (२) गाडीखालची जमीन कोरडी होती. (३) तिचा हात चौथ्या मजल्याच्या बटणापर्यंतच पोहोचतो. पावसाळ्यात हातात छत्री असते. याहून वेगळं उत्तर कुणाला सुचलं, तर शनिवारी संध्याकाळी गच्चीवर या. ऐकायला आम्ही बसलेलोच असतो.